नवं टूल आलं, साहेब तेच

गुळगुळीत_दगड

कामं वेळेत होत नाहीत अशी ओरड सुरू झाली की पहिली सूचना येते ती नव्या टूलची. आधी एक्सेलमुळे गोंधळ होतो म्हणून टिकेटांची (प्रत्येक कामाची नोंद ठेवणारी) सिस्टीम आणली, मग टिकेटं फार झाली म्हणून त्यावर डॅशबोर्ड चढवला, आता डॅशबोर्ड कुणी बघत नाही म्हणून एआय. डेमोमध्ये सगळी कामं हिरवी, म्हणजे वेळेत, असतात. काही महिन्यांनी प्रत्यक्षातही हिरवीच दिसतात, कारण लाल दाखवलं की मीटिंगमध्ये काय ऐकून घ्यावं लागतं हे प्रत्येकाला माहीत असतं.

या विषयावर विचार करताना मला एक कारखाना नेहमी आठवतो. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला जनरल मोटर्सचा (जीएम) कारखाना होता. कंपनीतला सर्वांत वाईट कारखाना अशी त्याची ख्याती. कुठल्याही दिवशी साधारण पाचातला एक कामगार गैरहजर, कामावर दारू, रागापोटी गाड्यांत मुद्दाम केलेल्या खोड्या, युनियनच्या तक्रारींचा ढीग. १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. १९८४ मध्ये तीच जागा टोयोटाबरोबरच्या भागीदारीत पुन्हा उघडली, नाव पडलं नुमी. जीएमला छोट्या गाड्या फायद्यात बनवायला शिकायचं होतं आणि टोयोटाला अमेरिकन कामगारांबरोबर काम करायला.

गंमत अशी की कामगार बहुतेक जुनेच घेतले. युनियनही तीच. यंत्रसामग्री काही डोळे दिपवणारी नव्हती. उलट त्याच काळात जीएम आपल्या इतर कारखान्यांत रोबोंवर अब्जावधी डॉलर ओतत होती. तरी थोड्याच काळात गैरहजेरी अगदी किरकोळ राहिली आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या बरोबरीला गेला.

असेंब्ली लाइनच्या वर एक दोरी टांगलेली होती. अँडॉन कॉर्ड म्हणतात तिला. काही चुकतंय असं वाटलं तर कुठल्याही कामगाराने ती ओढायची. टीम लीडर धावत येणार, दोघं मिळून बघणार, अडचण सुटली तर ठीक, नाहीतर लाइन थांबणार. जुन्या फ्रीमॉन्टमध्ये लाइन थांबवणं हा अक्षम्य गुन्हा होता. गाडीला भलताच पार्ट लागला तरी पुढे ढकला, नंतर अंगणात उभी करून दुरुस्त करू, असा खाक्या.

पुढे जीएमने व्हॅन नाइजच्या कारखान्यात हीच पद्धत न्यायचा प्रयत्न केला. तो फसला. तो कारखाना १९९२ मध्ये कायमचा बंद झाला. दोरी कुठेही टांगता येते हो. ती ओढल्यावर वरिष्ठ "काय अडलं?" विचारतो की "कुणी थांबवलं?" विचारतो, तेवढं मात्र विकत मिळत नाही.

तर प्रश्न असा: तुमच्या कामाच्या ठिकाणी दोरी ओढायची मुभा कुणाला आहे? आणि ओढणाऱ्याचं पुढे काय होतं?

कोडगा

+१. आमच्या क्षेत्रातलं उदाहरण देतो.

नाइट कॅपिटल नावाची शेअर व्यवहार करणारी अमेरिकन कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता, एकावर राहून गेला. बाजार उघडल्यावर त्या सर्व्हरवरचा जुना, वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा झाला आणि भराभर ऑर्डरी टाकत सुटला. पाऊण तासात सुमारे ४६ कोटी डॉलरचा खड्डा. कंपनी स्वतंत्र म्हणून पुढे टिकली नाही.

लोक यातून "डिप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर टाकणं) ऑटोमेट करा" एवढाच धडा घेतात. चौकशीतला दुसरा भाग मला जास्त बोचतो. त्या सकाळी बाजार उघडण्याआधीच सिस्टीमने त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. पण हे मेल म्हणजे धोक्याची सूचना समजायची, अमक्याने ते बघायचे, असं कुणी ठरवलेलंच नव्हतं. म्हणजे टूल ओरडत होतं. ऐकणं हे कुणाचं काम, हे ठरवायचं राहिलं होतं.

आणि दुसरं कुणी दुर्लक्षामुळे बुडालं म्हणून हसायला नको. तुमच्या मेलबॉक्समध्ये "अलर्ट" नावाचा एक फोल्डर असेल, त्यात न वाचलेल्या मेलचा आकडा किती आहे ते बघा.

तर्कटी

धागा छान आहे, पण मी थोडा विरोधात बोलणार.

"माणसं महत्त्वाची, टूल दुय्यम" हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलंय ते खर्चाला कात्री लावणाऱ्यांच्या तोंडून. लॅपटॉप दहा मिनिटं घेतो उघडायला, टेस्टिंगचं सर्व्हर आठवड्यातून दोनदा बसतं, आणि साहेब सांगणार, आपली खरी ताकद आपली माणसं. ती माणसं अशाच लॅपटॉपला कंटाळून सोडून जातात.

दुसरं, नुमीचं. दगडराव, तुम्ही दोरी सांगितली आणि बाकीचं गाळलंत. तिथे प्रत्येक कामाची पायरी न् पायरी लिहिलेली होती. कुठला हात आधी, किती सेकंद, पार्ट कुठल्या क्रमाने घ्यायचा. सुरुवातीला कामगारांच्या तुकड्या जपानला टाकाओकाच्या कारखान्यात नेऊन ते प्रत्यक्ष करून घेतलं. ही भक्कम पद्धत होती, साहेबाच्या मनमिळाऊपणाची कहाणी नाही. ते लिखित माप होतं म्हणून तर "काहीतरी चुकतंय" हे कामगाराला कळत होतं. मापच नसेल तर दोरी ओढणार कशावरून?

२००१ साली अमेरिकेत युटामध्ये १७ जणांनी अजाइल या सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्याची पहिलीच ओळ माणसांना आणि त्यांच्यातल्या संवादाला प्रक्रिया आणि टूलपेक्षा वर ठेवते. ती सगळे सांगतात. खाली त्याच लोकांनी लिहिलंय की दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहे, आम्ही पहिल्या बाजूला जास्त मोल देतो इतकंच. ते कुणी सांगत नाही. (आणि त्या ओळीतून किती टूल विकली गेली हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

वाचनमात्र

वाचतोय. जोरात चालू द्या.

ओटीतली_कात्री

तर्कटी यांचा मुद्दा मला पटतो आणि नाहीही. माझ्या कामातलं सांगते.

ऑपरेशन थिएटरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षा चेकलिस्ट असते. १९ मुद्दे, एक कागद. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी असे तीन थांबे. रुग्ण तोच ना, बाजू डावी की उजवी, अँटिबायोटिक दिलं का, शेवटी कापसाच्या गोळ्यांची मोजणी जुळली का. २००९ मध्ये आठ देशांतल्या आठ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचंही एक होतं. चेकलिस्ट आल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. एका कागदाने! जगभर खळबळ माजली.

मग कॅनडात ओंटारिओ प्रांताने ती सगळ्या रुग्णालयांना लागू केली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला. कागदोपत्री वापर नव्वद टक्क्यांच्या वर. मृत्यूच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही.

कागद तोच. मग फायदा गेला कुठे?

थिएटरमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही याचं उत्तर साधारण माहीत असतं. त्या यादीत एक मुद्दा आहे: टीममधल्या प्रत्येकाने नाव आणि भूमिका सांगायची. बाहेरच्याला वाटेल हा काय पोरखेळ. पण सुरुवातीला एकदा आवाज फुटला की पुढे "सर, एक गोळी कमी भरतेय" म्हणायला नर्सला जीव मुठीत धरावा लागत नाही. हे सर्जनने मनापासून केलं तरच. एका रुग्णालयात मी बघितलंय, रुग्ण आत येण्याआधीच तिन्ही थांब्यांच्या चौकटींवर बरोबरच्या खुणा तयार. ऑडिटला शंभर टक्के.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा. आकडे आले उलटे, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! खोलात गेल्यावर लक्षात आलं की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, फक्त लपवत नव्हत्या. म्हणून डॅशबोर्डवर एखादा विभाग स्वच्छ दिसला की मला आनंद होण्याआधी शंका येते.

तर्कटी

@कात्री, प्रतिसाद आवडला, तरी ओंटारिओबाबत सावध राहू या. तिथे मुळातच मृत्यूचं प्रमाण ०.७१ टक्के होतं, ते ०.६५ झालं. जिथे आधीच कमी आहे तिथे आणखी कमी व्हायला वाव किती? शिवाय चेकलिस्टच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने एवढीच तुलना होती. "वरून लादलं म्हणून फसलं" हा निष्कर्ष मोहक आहे, पण तेवढाच निघतो असं नाही.

ओटीतली_कात्री

मान्य. तीन महिन्यांत सवय बदलत नाही हे मीच सांगेन. पण बघा, तुम्ही ज्याला "सवय" म्हणाल तीच तर मी म्हणतेय. कागद एका दिवसात पोचतो.

जुनी_दप्तरं

वरच्या दोघांच्या मधलं एक उदाहरण देतो. दुर्दैवाने फार कमी लोकांना माहीत आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनच्या कोळसा खाणींत यंत्रं पसरली. त्याआधी दोन-तीन जणांची छोटी टोळी असायची. सोबती त्यांनी स्वतः निवडलेले, कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंत सगळं काम त्यांचं, मजुरी वाटून घ्यायची. यंत्राबरोबर "लाँगवॉल" पद्धत आली: कोळशाची लांबच लांब भिंत, चाळीस-पन्नास माणसं, तीन पाळ्या. एक पाळी कापणार, एक कन्व्हेयर हलवणार, एक भरणार. प्रत्येकाला कामाचा एकच तुकडा. आधीच्या पाळीने काम अर्धवट टाकलं की भोगायचं पुढच्या पाळीने, आणि त्यांची एकमेकांशी भेटही नाही. उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना, गैरहजेरी आणि भांडणं वाढली. ट्रिस्ट आणि बॅमफर्थ या दोघा संशोधकांनी १९५१ मध्ये यावर निबंध लिहिला. बॅमफर्थ स्वतः खाणीत अनेक वर्षं काम केलेला माणूस, हे विशेष.

आता खरी गोष्ट. पुढे डरहॅमच्या काही खाणींत त्याच यंत्रांवर कामगारांनी वेगळी मांडणी केली. सगळ्यांनी सगळी कामं शिकायची, पाळी बदलली की आधीचे जिथे थांबले तिथून पुढे चालू ठेवायचं, मजुरी पूर्ण टोळीला एकत्र. ट्रिस्ट यांनी दोन्ही मांडण्यांची तुलना केली तेव्हा दुसरीत उत्पादनही जास्त आणि गैरहजेरीही कमी निघाली.

तेव्हा "टूल की माणसं" असं विचारणंच मला चुकीचं वाटतं. यंत्र आणताना त्याच्याभोवती कामाची वाटणी कशी होणार, हे कुणीतरी ठरवत असतं. बहुतेक वेळा ठरवल्याचं त्याला कळतही नाही. ते ठरवणं म्हणजे नेतृत्व. भाषणं नव्हेत.

कोडगा

दप्तरं, हे जबरदस्त आहे. विजेच्या मोटारींचंही असंच झालं ना? कारखान्यांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली, पण वरचे शाफ्ट, पट्टे आणि यंत्रांची जागा तीच ठेवली. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये यावर लिहिलंय. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन पूर्ण कारखाना नव्याने मांडायला काही दशकं गेली, आणि खरा फायदा त्यानंतरच दिसला.

सध्या आमच्याकडे एआय आलंय ते असंच जुन्या शाफ्टला जोडलेलं. कोड चौपट वेगाने लिहून होतो आणि मंजुरीसाठी त्याच एका माणसाच्या दारात पडून राहतो.

अवांतर: नुमी २०१० मध्ये बंद पडल्यावर ती इमारत टेस्लाने घेतली. २०१८ मध्ये मॉडेल ३ चं उत्पादन तिथेच अडकलं होतं, तेव्हा एलॉन मस्क यांनीच जाहीर लिहिलं की अति ऑटोमेशन ही चूक झाली, माणसांना कमी लेखलं जातं. भिंतींना बोलता आलं असतं तर.

निवृत्त_फोरमन

मुलांनो, सगळं वाचलं. मी फार पुस्तकी माणूस नाही पण कामाच्या दर्जावर लिहिणारे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांची चौदा सूत्रं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवली होती. आठवं सूत्र: भीती घालवा. ते सगळ्यांना आवडलं. दहावं सूत्र: कामगारांसाठी लावलेले घोषणांचे फलक काढून टाका. ते शिकवत होते त्या खोलीच्या भिंतीवर फलक होता, "आमची माणसं हीच आमची संपत्ती". कुणी हसलं नाही. मीही नाही, बढती जवळ होती.

डेमिंग यांचं म्हणणं सरळ होतं. बहुतेक दोष कामाच्या व्यवस्थेतून येतात आणि व्यवस्था बदलायचा अधिकार वरच्यांकडे असतो. कामगाराला "लक्ष देऊन काम कर" सांगून उपयोग नाही. म्हणून तर्कटी म्हणतात ते बरोबर आहे, खराब हत्यार देऊन माणसाची स्तुती करणारा साहेब हा साहेबच नव्हे.

आमच्या शॉपमध्ये यंत्राच्या तापमानाची नोंद दर तासाला करायची पद्धत होती. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या, पाळी संपताना. पुढे त्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर बसवला, तर पोरांनी त्याची तार काढून ठेवायला सुरुवात केली. कारण आकडा वर गेला की मेमो यायचा. यंत्राचं कूलिंग दुरुस्त करायला मात्र कुणी यायचं नाही. नंतर एक बाई मेंटेनन्सच्या प्रमुख म्हणून आल्या. त्यांनी मेमो बंद केले आणि जास्त तापमानाची नोंद आली की त्याच पाळीत फिटर पाठवायला लागल्या. तार आपोआप जागेवर आली. कुणाला प्रशिक्षण द्यावं लागलं नाही.

सांजवारा

काका, ____/\____

मी एचआरमध्ये आहे (दगड मारू नका). गूगलमध्ये एका गटाने २००८ च्या सुमारास तपासायला घेतलं होतं की व्यवस्थापक असण्याने काही फरक पडतो का. तिथल्या इंजिनिअर मंडळींना तो फारसा पडत नाही असंच वाटायचं. आकडे म्हणाले, पडतो. चांगल्या व्यवस्थापकाच्या आठ सवयी काढल्या. पहिली: तो चांगला कोच असतो. टीमला मदत करता येईल इतकं तांत्रिक कौशल्य यादीत होतं, पण आठव्या क्रमांकावर.

तर्कटी

आठवं म्हणजे यादीत आहे, बाहेर नाही. हे आमच्या साहेबांना कुणीतरी सांगा.

पहिली_बढती

मी या सगळ्यात नवीन. नुकतीच टीम लीड झालेय. टूल बदलायचा अधिकार नाही, बजेट नाही, सात माणसं आहेत आणि त्यातली दोन माझ्यापेक्षा अनुभवी. स्टँडअपमध्ये (सकाळच्या छोट्या बैठकीत) रोज सगळं "ऑन ट्रॅक" असतं आणि शेवटच्या आठवड्यात आकाश कोसळतं. तुमच्या चर्चेतून मी सोमवारी करण्यासारखं नेमकं काय घेऊ?

ओटीतली_कात्री

विमानवाल्यांकडून घ्या. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का. कॅप्टन कंपनीतले अतिशय ज्येष्ठ, ठामपणे "झालं" म्हणाले. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कॉकपिटमधलं बोलणं शिकवायला सुरुवात केली. युनायटेड एअरलाइन्सने १९८१ मध्ये.

युनायटेडचंच विमान १९८९ मध्ये अमेरिकेतल्या सू सिटीला आदळत उतरलं, विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेलेल्या. त्या परिस्थितीसाठी चेकलिस्टच अस्तित्वात नव्हती. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये बोलावून इंजिनांचे थ्रॉटल (ताकद कमी-जास्त करणारे दांडे) त्याच्या हाती दिले. २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स नंतर सांगत राहिले की कुणाच्याच अनुभवात हे नव्हतं, मग मला एकट्याला जास्त कळतं असं का मानायचं?

तुमच्यासाठी: तुमचं मत शेवटी सांगा. आधी सर्वांत नवख्याला विचारा. आणि "सगळं ठीक ना?" असं विचारूच नका, त्याचं उत्तर "हो" असंच असतं. "या आठवड्यात काय फसू शकतं?" विचारा.

निवृत्त_फोरमन

आणि बाई, पहिला माणूस जेव्हा खरं सांगेल ना, तेव्हा बाकीचे सहा त्याच्याकडे बघणार नाहीत. तुमच्याकडे बघतील. त्या वेळी चेहरा सांभाळा. त्याच दिवशी त्याची एक तरी अडचण उचला, छोटी का असेना, आणि उचलली हे सगळ्यांना दिसू द्या.

पहिली_बढती

हे करण्यासारखं आहे, धन्यवाद. पण मला वरून हिरवंच मागतात. मी माझ्या टीमकडून लाल घेतलं तर ते ठेवू कुठे?

तर्कटी

वर लाल म्हणूनच पाठवा, पण रंग एकटा पाठवू नका. सोबत तीन ओळी: काय अडलंय, आणखी आठवडाभर असंच राहिलं तर काय बिघडेल, आणि तुम्हाला त्यांच्याकडून कुठला एक निर्णय हवाय. लेखी. निर्णय मागितला की साहेबांना ओरडण्याऐवजी हो किंवा नाही म्हणावं लागतं. काही साहेब तरीही ओरडतात. तसं दोन-तीनदा झालं तर निदान तुम्हाला कळेल की नवं टूल कुणासाठी घ्यायचं चाललं होतं.

गुळगुळीत_दगड

@पहिली_बढती, हेच लिहिणार होतो. पहिल्या लाल रिपोर्टचं काय झालं ते इथे नक्की कळवा. आणि तर्कटी, नुमीतल्या लिखित मापांचा मुद्दा मी खरंच गाळला होता, त्यावर स्वतंत्र धागा काढा ना. टाकाओकाच्या प्रशिक्षणाबद्दल वाचायला आवडेल.